हिरवा दिवा दीड तासात

२०२३ ची ईदुल फित्र २२ एप्रिलला होती. श्रीवर्धनला त्या दिवसांत सकाळी आठलाच ऊन चटका देऊ लागते, म्हणून नमाजची वेळ लवकरची ठेवली होती. सफा लागल्या. मुंबईहून रात्रीच्या एसटीने आलेली मंडळी, आखातातून सुट्टीवर आलेले, मागच्या सफांत नवे कुर्ते घातलेली पोरे. स्पीकर आमच्या शाळेचा होता, तोच तो चाकांचा, दांडा ओढून नेता येणारा. ईदगाहवर विजेची जोडणी नाही, त्यामुळे बॅटरीवर चालणारा स्पीकर हवाच असतो आणि तो मोहल्ल्यात शाळेकडेच आहे.

आमची जमात शाफई मसलकाची, म्हणजे ईदच्या नमाजमध्ये पहिल्या रकातला सात आणि दुसऱ्या रकातला पाच जादा तकबिरी. पहिल्या रकातच्या चौथ्या तकबिरीला स्पीकरने खर्र केले, पाचवी अर्धीच ऐकू आली, सहावी नाहीच. पुढच्या तीन-चार सफांना इमाम साहेबांचा आवाज येत होता. मागे मात्र कुणी हात उचलतो आहे, कुणी बांधतो आहे, एक सफ तर रुकूत गेली आणि शेजारचे उभेच पाहून परत सरळ झाली. तेवढ्यात तिसऱ्या सफेतून एक खणखणीत आवाज आला, “अल्लाहु अकबर”. जहाजावर तीस वर्षे नोकरी करून आलेले आमच्या गल्लीतले एक चाचा. इंजिनाच्या गोंगाटात हाका मारून कमावलेला गळा. पुढची सगळी नमाज त्यांनी इमाम साहेबांच्या मागोमाग तकबीर पुकारून शेवटच्या सफेपर्यंत पोहोचवली. जुन्या काळी हे काम मुकब्बिर करीत. लाउडस्पीकर आला तेव्हा नमाजमध्ये तो वापरावा की नाही यावर उलमांमध्ये बरीच वर्षे चर्चा चालली होती. आता तो इतका अंगवळणी पडला आहे की मुकब्बिर नेमायचा असतो हेच आम्ही विसरलो होतो.

खुत्बा मात्र निम्म्या लोकांना ऐकू आला नाही.

नमाज झाल्यावर गळाभेटी सुरू झाल्या, पण स्पीकरपाशी घोळका जमला. स्पीकर सांभाळायला आमच्या नववीतला एक विद्यार्थी ठेवला होता. हुशार पोरगा, तारा जोडण्यात रस असलेला. त्याला एकाने विचारले, “चांद रातीला गाणी वाजवलीस ना यावर?” दुसऱ्याने, “मोबाईल जोडून बसला असेल रात्रभर.” तिसऱ्याने काही न विचारताच निकाल दिला, “पोरांच्या हातात दिलं की असंच होणार.” पोरगा म्हणत होता, “नाही चाचा, मी रात्रभर चार्जिंगला लावला होता, हिरवा दिवा पण लागला होता.” कुणी ऐकेना. ईदच्या दिवशी, नव्या कपड्यांत, तो रडत घरी गेला. आम्ही तिथेच उभे होतो. आम्हीही त्याची बाजू घेतली नाही, कारण आम्हालाही मनातून तसेच वाटत होते.

ईदनंतर चार दिवसांनी आम्ही स्पीकर बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. हे काका रेडिओच्या जमान्यापासूनचे. त्यांनी मागची पाटी खोलली, आतली बॅटरी दाखवली. साध्या मोटारसायकलच्या बॅटरीएवढी काळी पेटी, त्यावर लिहिलेले बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवर. मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्या वर दाखवीत होता. आम्ही म्हणालो, “म्हणजे बॅटरी चांगली आहे की.” काका हसले. त्यांनी स्पीकर चालू केला, आवाज वाढवला आणि माइकमध्ये मोठ्याने ‘हॅलो हॅलो’ म्हटले. मीटरचा काटा (त्यांचा मीटर अजून काट्याचाच आहे) प्रत्येक ‘हॅलो’ला खाली झोपत होता. साडेदहाच्या खाली गेला तसा स्पीकर खर्र करून बंद पडला. दोन मिनिटे थांबून पाहिले, तर पुन्हा बारा व्होल्ट.

“सर, हा माणूस बसलेला असतो तेव्हा तब्येतीने चांगला दिसतो,” काका म्हणाले, “जिना चढायला लावला की धाप लागते.”

मग त्यांनी विचारले, “चार्जिंगला लावल्यावर हिरवा दिवा किती वेळात लागतो?” आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ईदच्या आदल्या संध्याकाळी त्या पोराने आम्हाला फोन करून सांगितले होते, “सर, ह्या वेळी दीड तासातच हिरवा दिवा लागला.” आम्ही म्हणालो होतो, “वा, छान झालं.” एरवी ह्याच स्पीकरला पूर्ण रात्र लागायची.

लवकर भरणे ही खुशखबर नव्हती. पाण्याच्या टाकीत गाळ साचून अर्धीअधिक भरली असेल तर पंप लावल्यावर टाकी भराभर वाहू लागते. टाकी भरली हे खरे, पण तिच्यात पाणी किती? चार्जरवरचा दिवा फक्त व्होल्ट पाहतो, आत साठा किती आहे हे त्याला कळत नाही.

गाळ कुठून आला, हे आम्ही पुढे वर्गात शिकवले, कारण नववी-दहावीच्या रसायनशास्त्राला ते चांगले जोडून घेता येते. ह्या बॅटऱ्या शिसे आणि गंधकाम्लाच्या. गास्तों प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये त्या पहिल्यांदा बनवल्या, आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. बॅटरी वापरली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा पातळ थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो थर विरघळून पुन्हा शिसे, शिशाचे ऑक्साइड आणि आम्ल होते. पण रिकामी बॅटरी तशीच ठेवून दिली तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्या थराचे स्फटिक वाढू लागतात, कडक होतात, आणि मग चार्जरने कितीही जोर लावला तरी ते पुरते परतत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा गेला. भात शिजवलेले भांडे लगेच घासले तर हाताने निघते, दोन दिवस तसेच ठेवले की तारेच्या घासणीनेही निघत नाही, असे आम्ही मुलांना सांगितले. मुलींना ते लगेच पटले. मुलगे गप्प होते, त्यावरून घरात भांडी कोण घासते ते कळले.

आता प्रश्न होता, हा स्पीकर रिकामा कधी राहिला? शाळेच्या वस्तू देण्या-घेण्याची वही आम्हीच लिहितो. त्यात शेवटची नोंद २६ जानेवारीची. त्या दिवशी प्रभातफेरी, झेंडावंदन, भाषणे, मग मुलांची गाणी, दुपारपर्यंत स्पीकर चालला होता. शेवटी आवाज बारीक झाला म्हणून बंद केला आणि सामानाच्या खोलीत ठेवला. ती खोली पत्र्याची. खाली सही आमची. चार्जिंगला लावल्याची नोंद नाही, कारण लावलाच नव्हता. २६ जानेवारी ते २१ एप्रिल, म्हणजे जवळपास तीन महिने रिकामी बॅटरी तापत्या पत्र्याखाली पडून होती. उष्णतेचे तर असे की साधारण दर दहा अंश सेल्सिअस वाढीला ह्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. पोराने चांद रातीला काय वाजवले असते किंवा नसते, त्याने काडीचाही फरक पडला नसता. बॅटरी आम्ही मारली होती.

आणखी लाज वाटण्याचे कारण म्हणजे हे आमच्या हातून दुसऱ्यांदा घडले होते.

वाचकांना निसर्ग चक्रीवादळ आठवत असेल. ३ जून २०२०, बुधवार, दुपार. वादळ अलिबागच्या दक्षिणेकडे किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा ह्या पट्ट्याने त्या दिवशी काय पाहिले ते आम्ही ह्या सदरात पूर्वी लिहिले आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी जिच्यावर घरे चालायची, त्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. माणूस आंबा लावतो, सुपारी लावतो ते पुढच्या पिढीसाठी, तेव्हा ते नुकसान एका वर्षाचे नव्हते.

पण आज सांगायचे ते आदल्या दिवसाचे. २ जूनला प्रशासनाची सूचना आली की कच्च्या घरांतल्या लोकांनी पक्क्या इमारतींत, शाळांत जावे. टाळेबंदीचे दिवस, मशिदीत जमात नाही, लोक घरात. गल्लीगल्लीतून सांगत फिरायला स्पीकर हवा होता. शाळेचा स्पीकर बाहेर काढला. शाळा मार्चच्या मध्यावर बंद झाली होती, तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. कळ दाबली, दिवासुद्धा लागला नाही. वेळ नव्हता. मोहल्ल्यातली दहा-बारा मुले तोंडाला रुमाल बांधून दारोदार गेली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध खाला एकट्या राहत, त्यांना ऐकू कमी येते. दार वाजवून, हातवारे करून त्यांना शाळेत आणले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घराची कौले राहिली नाहीत. त्या दिवशी मुले दारापर्यंत गेली म्हणून. स्पीकर चालू असता तर आम्ही नाक्यावरून पुकारा करून कदाचित समाधान मानले असते आणि खालांना तो ऐकूही आला नसता. हा विचार आम्हाला अजून पुरता सोडवता आलेला नाही.

वादळानंतर विजेचे खांब ठिकठिकाणी पडले होते. इतर जिल्ह्यांतून वीज कर्मचारी आले, तरी कित्येक वाड्या-वस्त्यांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. मोबाईलही बंद. पाण्याचा टँकर कुठे येणार, ताडपत्री कुठे मिळणार, किराणाच्या पिशव्या कधी वाटणार, हे सांगायचे कसे? तेव्हा एका टेम्पोवाल्या भाईंनी तोडगा काढला. मशिदीचा जुना अँप्लिफायर त्यांनी टेम्पोत ठेवला आणि टेम्पोच्या बॅटरीला जोडला. आपल्याकडचे बहुतेक सभेचे अँप्लिफायर विजेवर चालतात तसेच बारा व्होल्टवरही चालतात. मागच्या बाजूला लाल आणि काळा असे दोन खुंट असतात, कुणी पाहत नाही एवढेच. लाल लालला, काळा काळ्याला, मध्ये फ्यूज, आणि उलटे जोडायचे नाही. मासेमारीच्या होडीवर दिव्यासाठी ठेवलेली बारा व्होल्टची बॅटरीही चालते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक जमातीने ही तार टोकाला पकडी लावून तयार ठेवावी. दोनशे-तीनशे रुपयांचे काम आहे.

वीज आल्यावर आम्ही शाळेच्या स्पीकरला नवी बॅटरी बसवली, आणि तीन वर्षांत पुन्हा तेच केले.

२०२३ च्या ईदनंतरच्या जुम्याला आम्ही जमातीच्या सदर साहेबांची परवानगी घेतली आणि नमाजनंतर उभे राहून सांगितले की त्या दिवशीची चूक मुलाची नव्हती, शाळेची होती, आणि शाळेत ती जबाबदारी आमची आहे. चंद्यातून घेतलेली वस्तू अमानत असते, ती आम्ही नीट ठेवली नाही. लोकांनी ऐकून घेतले. ज्यांनी मुलाला बोल लावले होते त्यांतले एक जण स्वतःहून त्याच्या घरी गेले. बाकीचे “असू द्या सर, होतं” म्हणाले. हे आम्हाला म्हणायचे नव्हते, त्याला म्हणायचे होते. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची दादी म्हणाली, “त्याने शीरखुर्मा पण खाल्ला नाही त्या दिवशी.” मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. जून उजाडला, शाळा उघडली, १५ ऑगस्ट आला. स्पीकर लावशील का विचारले, तर “दुसऱ्या कुणाला सांगा सर” म्हणाला. आम्ही आग्रह केला नाही.

आता थोडे कामाचे. हल्ली आपल्या घराघरांत हे चाकांचे स्पीकर आले आहेत. हळदीला, साखरपुड्याला, मुलांच्या वाढदिवसाला. बायकांच्या इज्तिमाला आणि कुरआन वर्गालाही भगिनी तेच वापरतात. मोठ्या बॅटरीच्या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच आहे. कार्यक्रम संपला की त्याच रात्री चार्जिंगला लावावा, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नये. वापर नसेल तेव्हाही दर दोन महिन्यांनी एक रात्र चार्ज करावा, कारण बॅटरी पडल्या-पडल्याही थोडी थोडी उतरते आणि काही स्पीकरांत बंद कळीमागेही किंचित वीज खर्च होत राहते. मात्र महिनोन्‌महिने प्लगला टांगूनही ठेवू नये. स्वस्त स्पीकरांतले चार्जर भरल्यावर थांबत नाहीत, बॅटरी आतून सुकते, पोट फुगते. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, ती बदलायचीच.

लिथियमचे स्पीकर आता मिळू लागले आहेत. हलके असतात, रिकामे राहिले तरी शिशाच्या बॅटरीसारखे लगेच खराब होत नाहीत, आणि साठवताना ते अर्धे भरलेले ठेवणे बरे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या शोधाबद्दल तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, एवढी ती मोलाची. पण जुन्या स्पीकरमधली शिशाची बॅटरी काढून तिथे लॅपटॉपमधले जुने सेल जोडण्याचा उद्योग आमच्या ओळखीच्या एका तरुणाने केला. त्या सेलना लागणारा चार्ज वेगळा आणि शिशाच्या चार्जरचा वेगळा. नशीब की धूर निघताच त्याने तो अंगणात नेला. कृपा करून हे कुणी करू नये.

किनाऱ्यावरचा आपला आणखी एक शत्रू म्हणजे खारी हवा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली की ती जुन्या टूथब्रशने काढून, टोक कोरडे करून वर बोटभर व्हॅसलीन लावावे. ह्या एवढ्या कामाने आमच्या शेजारच्या अंगणवाडीतला ‘मेलेला’ स्पीकर जिवंत झाला. बॅटरी ठीक होती, तारेपर्यंत वीजच पोहोचत नव्हती.

आणि मोठ्या बॅटरीला दोष देण्याआधी माइक पाहा! बिनतारी माइकमध्ये दोन पेन्सिल सेल असतात. ते उतरले की आवाज तुटक येतो आणि सगळे स्पीकरवर डोळे वटारतात. निकाहच्या वेळी काजी साहेब मुलाचे नाव घेत असताना एकदा असे झाले, आणि कुणाचे कुणाशी लग्न लागले हे मागच्या पाहुण्यांना जेवणाच्या पंगतीत कळले. कार्यक्रम झाला की माइकमधले सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते गळून आतली स्प्रिंग खातात.

नवीन स्पीकर घेताना खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नये. आम्ही दहावीला हे गणित घालतो. बारा व्होल्ट गुणिले सात अँपिअर-अवर म्हणजे चौऱ्याऐंशी वॉट-अवर. खोक्यावर लिहिले आहे पाच हजार वॉट. तो खरोखर पाच हजार वॉट खात असेल तर बॅटरी किती वेळ पुरेल? उत्तर येते साधारण एक मिनिट. मुले खो खो हसतात. तेव्हा खरे वॉट किती आणि बॅटरी किती अँपिअर-अवरची, एवढेच दुकानदाराला विचारावे. पुढे लुकलुकणारे रंगीत दिवे असतील तर ते बंद करण्याची वेगळी कळ आहे का हेही पाहावे. ते बॅटरी खातात, आणि ईदगाहवर निळे-जांभळे दिवे फिरताना बरेही दिसत नाहीत. आमच्याकडे एका वर्षी दिसले आहेत.

आवाजाचेही एक तंत्र आहे. कानाला दुप्पट मोठा वाटावा असा आवाज करायला सुमारे दहापट वीज लागते. म्हणून बटण पिरगाळत बसण्यापेक्षा स्पीकर टेबलावर उंच ठेवा, लोकांच्या डोक्यांवरून जाऊ द्या, शक्य असेल तर सफांच्या मध्यापर्यंत पुढे आणा. बॅटरी वाचते, शेजाऱ्यांचे कानही वाचतात. कायद्यानेही आवाजाला मर्यादा आहेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. बंद सभागृहातला वापर आणि सार्वजनिक आपत्ती यांना त्यात सूट आहे. परवानगीचा कागद लागतो तिथे तो आधी काढावा, ईदच्या सकाळी धावपळ करू नये.

बॅटरीची खरी ताकद तपासायला आम्ही एक साधा प्रयोग बसवला आहे. मोटारीच्या ब्रेकचा बारा व्होल्ट, एकवीस वॉटचा बल्ब घ्यायचा. तो पावणेदोन अँपिअर खातो. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला तो जोडायचा, मीटर लावायचा आणि घड्याळ पाहायचे. साडेदहा व्होल्टला आले की बल्ब काढायचा, त्याखाली नेऊ नये, आणि बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची. सात अँपिअर-अवरची नवी बॅटरी ह्या बल्बवर साधारण तीन तास जाते. ईदला दगा दिलेली जुनी बॅटरी आम्ही मुलांसमोर जोडली तेव्हा बावीस मिनिटांत झोपली. चार्जर मात्र तिला हिरवा दिवा देत होता. प्रयोगाच्या दिवशी तो मुलगा, आता दहावीतला, दारात उभा राहून बघत होता. आम्ही बोलावले नाही. बावीस मिनिटे झाली तेव्हा तो म्हणाला, “सर, वहीत लिहा ना.” आम्ही वही त्याच्याकडे सरकवली. त्याने तारीख घातली, वेळ लिहिली आणि खाली सही न करता निघून गेला.

ती जुनी बॅटरी आम्ही दुकानात परत दिली. शिशाची बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि भंगाराच्या शिशाला भावही असतो, त्यामुळे नवी घेताना जुनीचे थोडे पैसे वळते होतात. भंगारवाला घरी येऊन फोडायला लागला तर मुलांना तिथे थांबू देऊ नका, शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार घातक आहे.

आता शाळेचा स्पीकर पत्र्याच्या खोलीत नसतो, कार्यालयातल्या लाकडी कपाटाखाली असतो. वहीत एक नवा रकाना पाडला आहे, ‘चार्जिंगला कधी लावला, हिरवा दिवा कधी लागला’. वर्षातून दोनदा बल्बची वेळही लिहितो. पहिल्या वर्षी तीन तास दहा मिनिटे, गेल्या वर्षी दोन तास पन्नास. गेल्या गुरुवारी ती दोन तास पाच मिनिटे भरली. बकरी ईदची नमाज आणि खुत्बा यावर निघेल, पण पाऊस सुरू होण्याआधी बॅटरी बदलायची, असे कमिटीकडून मंजूर करून घेतले आहे. चाचांना पहिल्या सफेत उभे राहायला सांगितले आहे, आणि त्यांच्याबरोबर आवाज लावून पाहायला दोन मुलेही दिली आहेत.